पुढचा शेर, पुढचा डाव

अपयश सगळ्यांनाच येते. पण त्याची भीती बहुतेकदा त्याच्या आधीच घरात येऊन बसते. मुलाखतीचे पत्र हातात पडते आणि मन विचारते, नाही जमले तर? दुकान टाकायचे ठरते, तर भांडवलाच्या आधी शेजाऱ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. मग अर्ज करायचाच राहून जातो.

या भीतीचे औषध शोधायला फार लांब जायला नको. ते आपल्या नागपूरच्या क्रिकेट मैदानावर सापडते. कचेरीतली चूक चार भिंतींत राहते. फलंदाजाचा भोपळा मात्र धावफलकावर लागतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो.

फैज फजल हे आपल्या विदर्भाचे माजी सलामीचे फलंदाज. २००३-०४ च्या हंगामात ते पहिल्यांदा रणजी खेळले. प्रथम श्रेणी सामन्यांत नऊ हजारांवर धावा आणि २४ शतके त्यांच्या नावावर आहेत. हाच हिशेब उलटा मांडून पाहा. शतक साधारण दहा डावांत एकदा. अर्धशतके धरली तरी चारपैकी जवळजवळ तीन डावांत पन्नाशी गाठलेली नाही. मोठी कारकीर्द जवळून पाहिली, तर ती अशीच दिसते.

त्यांची मोठी परीक्षा मात्र पुढे होती. जून २०१६ मध्ये, वयाच्या तिशीत, ते भारताकडून खेळले. हरारेला झिंबाब्वेविरुद्ध नाबाद ५५ धावा केल्या. भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर देशाकडून खेळण्याची संधी त्यांना पुन्हा कधीच मिळाली नाही.

चूक झाली असती तर मनाची समजूत घालता येते. काम चोख करूनही दार बंद झाले तर? बढती हुकलेल्या कारकुनाला आणि दोन गुणांसाठी यादीबाहेर राहिलेल्या मुलाला हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

फैज विदर्भासाठी खेळत राहिले. २०१७-१८ च्या रणजी हंगामात कर्णधार म्हणून त्यांनी ९१२ धावा काढल्या. सहा दशके रणजी खेळणाऱ्या विदर्भाने त्याआधी अंतिम फेरीही गाठली नव्हती. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून त्यांच्या संघाने करंडक आणला. पुढच्या हंगामातही तो आपल्याकडेच राहिला.

संघ निवडणे हे निवड समितीचे काम, धावा काढणे हे फलंदाजाचे. आपली भीती वाढते ती ही दोन खाती एकत्र केल्यामुळे. नोकरी देणे न देणे दुसऱ्याच्या हाती. तयारी करणे, वेळेवर पोचणे आणि नकारानंतर पुन्हा अर्ज करणे आपल्या हाती. निकाल लागला की कागदावर असे दोन रकाने पाडा. आपल्या रकान्यात जे उणे निघेल, तेवढेच सुधारायला घ्या. बाकीचे ओझे आपले नाही.

आम्हा कवींनाही हेच शिकावे लागते. मुशायऱ्यात एखाद्या शेरावर सभागृह गप्प बसते. त्या शांततेची भीती कधीच पुरती जात नाही. पण गझल तिथे थांबवता येत नाही, पुढचा शेर म्हणावाच लागतो. दाद कुठल्या शेराला मिळेल, हे आधी कुणाला ठाऊक असते? आमचे सुरेश भट बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झाले आणि १९५५ मध्ये पदवीधर झाले. मराठी गझलेने त्यांची गुणपत्रिका कधी मागितली नाही.

मार्च २०२४ मध्ये विदर्भ रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरला. पुढच्याच हंगामात त्याच मुंबईला उपांत्य फेरीत नमवले आणि २ मार्च २०२५ रोजी जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक जिंकला. कर्णधार दोन्ही वेळा अक्षय वाडकरच होते.

तुमच्या टेबलाच्या खणात एखादा अर्धवट भरलेला अर्ज पडला असेल, तर आज रात्री तो पुरा करा आणि उद्या सकाळी टाकून या.