नोकरी सोडल्यानंतरचा सोमवार



आज मला अशा लोकांशी बोलायचं आहे, ज्यांनी कंपनीतली चांगल्या पगाराची नोकरी स्वतःहून सोडली आहे किंवा सोडायचं मनात पक्कं केलं आहे. कुणी चाळिशीत कामानं थकून बाहेर पडतं, कुणाला म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहायचं असतं, कुणाला स्वतःचं काही उभं करून बघायचं असतं. कारणं खरी असतात. महिनोन्‌महिने विचारही झालेला असतो. पण तो सगळा विचार राजीनाम्याच्या दिवसापाशी येऊन थांबतो. त्यानंतरच्या दिवसांबद्दल घरात, ऑफिसात कुणी फारसं बोलत नाही. म्हणून आज त्या दिवसांविषयीच बोलू.

मी पुण्यातल्या एका कंपनीच्या एचआर विभागात बरीच वर्षं काम केलं. कुणी 'पेपर टाकले' की पुढची सगळी कामं आमच्याकडे यायची. नोटिस पिरियडचे दिवस मोजायचे, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून घ्यायचं, रिलीव्हिंग लेटर द्यायचं, 'फुल अँड फायनल'चा हिशेब करायचा. पुढे मी स्वतःही नोकरी सोडली. आता भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना भविष्य निर्वाह निधीची, हजेरीची, सेवानियमांची कामं करून देते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यामुळे एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकते. नोकरी सोडताना माणूस पगाराचा हिशेब करतो. पण पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी नोकरी आपल्याला देत असते, आणि त्या पगारपत्रकावर कुठेच छापलेल्या नसतात. शेवटच्या दिवशी त्याही थांबतात. त्यांची सोय केली नाही, तर बँकेत पुरेसे पैसे असूनही माणूस खचतो.

या पाच गोष्टी नीट मांडल्या त्या मारी याहोदा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या. व्हिएन्नाजवळ मारिएंताल नावाचं एक लहानसं गाव होतं. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं, आणि जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली. याहोदा आणि त्यांचे सहकारी त्या गावात गेले. त्यांचा अभ्यास १९३३ साली पुस्तकरूपानं आला. त्यांनी तिथे काय पाहिलं? गावाला मोकळा वेळ भरपूर मिळाला होता. मग लोकांनी वाचन वाढवलं असेल, असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. लोक रस्त्यानं हळू चालायला लागले, मधेच थांबायला लागले. दिवसभरात काय केलं, हे पुरुषांना नीट सांगता येईना. बायकांचं मात्र तसं झालं नाही. त्यांचीही मजुरी गेली होती, पण चूल, मुलं, धुणं ही कामं त्यांना दिवसभर बांधून ठेवत होती.

मारिएंतालच्या माणसांची रोजी काढून घेतली गेली होती, त्यांच्या घरात उपासमार होती. आपण आपल्या मर्जीनं बाहेर पडतो. हा फरक फार मोठा आहे आणि तो विसरून चालणार नाही. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पुष्कळांना पुन्हा गिरणीचा दरवाजा दिसला नाही. ते दुःख आपल्या राजीनाम्याच्या शेजारी मांडू नये. पण भोंगा थांबला की दिवसाचा आकार जातो, हा अनुभव मात्र सगळीकडचा आहे.

तर पहिली गोष्ट म्हणजे वेळेची चौकट. शेवटच्या शुक्रवारी केक कापला जातो, भाषणं होतात. पहिला सोमवार छान जातो. हिंजवडीच्या रहदारीत अडकायचं नाही, सकाळचा चहा निवांत, दुपारी झोप. दोन-तीन आठवडे असेच जावेत. थकलेल्या शरीराला ती विश्रांती लागतेच. त्रास सुरू होतो तो त्यानंतर. आंघोळ अकरावर जाते, जेवण अडीचवर, आणि संध्याकाळी वाटतं की आज काहीच झालं नाही. म्हणून विश्रांतीचे दिवस आधीच ठरवा, आणि ते संपले की कामाला बसायची आणि कामावरून उठायची वेळ ठरवून टाका. काम मिळालेलं नसलं तरी. तेवढा वेळ घराबाहेरची एखादी जागा मिळाली तर फारच उत्तम. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालापासून चालू आहे, महाराष्ट्रात गावोगावी अशी जुनी वाचनालयं आहेत, आता जागोजागी अभ्यासिकाही आहेत. तिथे महिन्याच्या थोड्या वर्गणीत शांत टेबल मिळतं आणि ठरल्या वेळी बाहेर पडायला कारण मिळतं.

दुसरी गोष्ट, माणसं. ऑफिसात आपण न निवडलेली माणसं भेटत असतात. डबा एकत्र खाणारी, लिफ्टमध्ये हसणारी, मुलाच्या दहावीची चौकशी करणारी. नोकरी सुटली की कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आपलं नाव निघतं. डब्याची मंडळी पहिला महिना फोन करतात, मग त्यांचं काम त्यांना ओढून नेतं. यात कुणाचा कोरडेपणा नसतो. रोजची भेट संपली की संबंध पातळ होतातच. त्याची जागा घरच्या माणसांनी भरून काढावी, अशी अपेक्षा ठेवू नका. नवऱ्याला किंवा बायकोला आपला एकुलता एक सहकारी केलं की दोघांनाही त्रास होतो. आपल्या नव्या कामातली माणसं शोधा. कारखान्यांची कामं घ्यायची ठरवल्यावर मी मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेच्या कार्यक्रमांना जाऊ लागले. १९३४ साली पुण्यात सुरू झालेली ही संस्था. सुरुवातीला तिथे माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, पण जात राहिले तशा ओळखी होत गेल्या.

तिसरी गोष्ट, सर्वांनी मिळून गाठायचं काही. नोकरीत असताना टार्गेट आणि डेडलाइन यांचा आपल्याला वैताग येतो. पण आपलं काम पुढच्या माणसाला हवं आहे, आपण थांबलो तर कुणाचं तरी अडेल, ही जाणीव त्यातूनच मिळत असते. एकट्यानं यूट्यूबवर काहीतरी शिकत राहिलं की ती मिळत नाही. म्हणून लवकरात लवकर असं एखादं काम घ्या, ज्याची कुणीतरी वाट बघत असेल. पैसे कमी मिळाले तरी चालेल. माझ्यासोबत काम केलेली एक मैत्रीण नोकरी सोडल्यावर घराजवळच्या रात्रशाळेत आठवड्यातून तीन संध्याकाळी गणित शिकवायला लागली. तिचा मुख्य व्यवसाय उभा राहायला बराच काळ गेला. त्या काळात तिला उभं ठेवलं ते मार्चच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी.

चौथी गोष्ट, ओळख. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेले काका विचारतात, "कुठे असता?" इतकी वर्षं आपण एका कंपनीचं नाव सांगत आलेलो असतो. आता जीभ अडखळते. घरच्यांचीही अडखळते. सासूबाईंना शेजारणीला काय सांगावं कळत नाही, मुलाला शाळेच्या फॉर्मवर पालकाचा व्यवसाय काय लिहावा हा प्रश्न पडतो. यावर माझं सांगणं असं की, आपण आज काय करतो हे सांगणारं एक साधं, खरं वाक्य तयार ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना ते सांगा. "मी लहान कारखान्यांची पीएफची कामं बघते." बस. पूर्वी मी कोण होते, हे त्यात येऊ देऊ नका. आणि काम सुरू व्हायचं असेल, तर "सध्या आईची शुश्रूषा करतोय, जूनपासून काम घेणार आहे," हेही सन्मानाचंच उत्तर आहे.

पाचवी गोष्ट, रोजची हालचाल. नोकरी आपल्याला आपल्या इच्छेविरुद्धही उठवते, कपडे करायला लावते, जिने चढायला लावते, चार माणसांशी बोलायला लावते. मन खालावलेलं असतं तेव्हा या सक्तीचाच आधार असतो. ती गेली की हात-पाय हलवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. टेकडीवर जा, पोहायला जा, भाजी आणायला चालत जा, पण रोज जा.

आता पैशांविषयी, कारण या पाच गोष्टी पुन्हा जमवायला वेळ लागतो आणि तो वेळ पैशांनीच मिळतो. माझ्या टेबलावर वारंवार आलेल्या तीनच बाबी सांगते.

पहिली बाब आरोग्य विम्याची. कंपनीचा समूह विमा साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो, आणि त्यात आईवडिलांचं संरक्षण असेल तर तेही संपतं. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि तसं गेलं तर आधीच्या आजारांसाठी घालवलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. नवी पॉलिसी कोरी घेतली, तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ही चौकशी नोटिस पिरियडमध्येच करा, शेवटच्या दिवसानंतर नको.

दुसरी बाब ग्रॅच्युइटी आणि पेन्शनची. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना २६ने भागायचं, १५ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार ५२ हजार आणि नोकरी दहा वर्षं असेल, तर ही रक्कम तीन लाख होते. पाच वर्षांना थोडे महिने कमी असताना राजीनामा देणारे लोक मी पाहिले आहेत. पेन्शनचंही तसंच. १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची नोकरी लागते. दहा वर्षं भरली नसतील आणि पुढे पुन्हा नोकरी करण्याची शक्यता असेल, तर पेन्शनचे पैसे काढून घेण्याऐवजी योजनेचं प्रमाणपत्र घ्या. आधीची वर्षं पुढच्या नोकरीत मोजली जातात.

तिसरी बाब, स्वतःचं काम सुरू करणाऱ्यांसाठी. पगार एक तारखेला येतो, बिलाचे पैसे तसे येत नाहीत. काम मार्चमध्ये होतं, बिल एप्रिलमध्ये जातं आणि पैसे येईपर्यंत पावसाळा लागतो. व्यावसायिक सेवेच्या बिलातून बहुधा दहा टक्के टीडीएसही कापला जातो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असं २००६चा कायदा सांगतो. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी करून ठेवा आणि बिलावर तो क्रमांक लिहा. पण घरखर्चाची आणि कर्जाच्या हप्त्यांची बेगमी करताना ४५ दिवसांवर विसंबू नका. गृहकर्ज हवं असेल तर तेही नोकरीत असतानाच बघा, कारण नंतर बँक काही वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते.

एवढी तयारी करूनही काही दिवस फार जड जातात. झोप उडते, फोन उचलावासा वाटत नाही, आपण केलं ते चुकलं असं सारखं वाटत राहतं. असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, तर डॉक्टरांकडे जा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा २०२२पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास आणि मोफत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा नोकरी करावीशी वाटली, तर जरूर करा. बाहेर राहून माणूस स्वतःबद्दल जे शिकतो, ते परत जाताना त्याच्याबरोबर असतं. मला कामावर परतलेली अशी माणसं माहीत आहेत, जी आता संध्याकाळी सहाला उठून घरी जातात आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाहीत.

शेवटी एक विनंती, जे आज नोकरीत आहेत त्यांना. तुमच्या टीममधून कुणी बाहेर पडलं असेल, तर दोन-तीन महिन्यांनी त्यांना फोन करा. पहिल्या महिन्यात सगळेच करतात. गरज नंतर असते. "मग, सध्या काय चाललंय?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. भेटायचा वार आणि वेळ ठरवा. तुमच्या ओळखीत त्यांच्याजोगं काम असेल, तर नाव आणि नंबर द्या. आणि एखादं अडलेलं काम असेल, तर त्यांचा सल्ला मागा आणि त्या सल्ल्याचे रीतसर पैसे द्या. वेळ, माणसं, हेतू, ओळख, हालचाल, या पाचही गोष्टी अशा एका कामातून एकदम मिळतात. हे करणं तुमच्या हातात आहे, आणि त्याला फार काही लागत नाही.