दोन गावांची आठवण येणारा चित्रकार
(मंडळाच्या गणेशोत्सवात चित्रकला स्पर्धेच्या दिवशी केलेलं भाषण)



मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, सरकारी खात्यात नकाशे काढणारा माणूस. साहित्यावर बोलायला सांगितलं असतं तर पंचाईत झाली असती. चित्रांची मात्र हौस आहे, म्हणून आज ॲलन से या चित्रकाराबद्दल सांगतो. ते मुलांसाठी चित्रपुस्तकं करतात.

त्यांचा जन्म १९३७ सालचा, जपानमधल्या योकोहामाचा. आई जपानी, पण वाढली कॅलिफोर्नियात. वडील मूळचे कोरियन, ते वाढले शांघायला एका इंग्रज कुटुंबात. ॲलन बाराव्या वर्षी टोकियोत एकटे राहून नोरो शिनपेई या व्यंगचित्रकाराच्या हाताखाली शिकू लागले आणि सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले. अशा मुलाने आपलं गाव कोणतं सांगायचं?

त्यांचं 'ग्रँडफादर्स जर्नी' हे पुस्तक १९९३ साली निघालं. पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतलं मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. गोष्ट आजोबांची आहे. तरुणपणी ते बोटीने अमेरिकेला जातात आणि कॅलिफोर्नियात संसार मांडतात. मग जपान आठवू लागतं, म्हणून मुलीला घेऊन परततात. तिथे पोचल्यावर कॅलिफोर्निया आठवतो! पुन्हा जायचं ठरतं, तेवढ्यात युद्ध येतं, आणि जाणं राहून जातं ते कायमचंच. पुढे नातू कॅलिफोर्नियाला जातो. त्याचंही तेच होतं.

चित्रं जलरंगातली, जुन्या अल्बममधल्या फोटोंसारखी. माणसं स्थिर उभी, बरेचदा थेट आपल्याकडे बघणारी. मी कपडे बघत बसलो. बोटीवर आजोबा विलायती कपड्यांत, मायदेशी परतल्यावर किमोनोत. माणूस तोच. आपल्याकडे दोन संस्कृतींच्या संगमावर भाषणं होतात, पण या चित्रांत संगम नाही, हुरहूर आहे. मला ते जास्त खरं वाटतं.

१९९९ सालचं 'टी विथ मिल्क' त्यांच्या आईवर आहे. कॅलिफोर्नियात तिला घरी जपानी पद्धतीचा कोरा हिरवा चहा, मैत्रिणींकडे दूधसाखरेचा. शाळा संपल्यावर घरचे तिला जपानला नेतात, तर तिथली मुलं तिलाच परदेशी म्हणतात. आपल्या वडोदऱ्याच्या ज्या मुली लग्न होऊन पुण्याला गेल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे आपण 'मराठी लोक' आणि तिथे आपल्या बोलण्यातला गुजराती हेल काढून दाखवतात. वरणातल्या गुळावरून होतं ते निराळंच.

आता स्पर्धेबद्दल. विषय होता 'माझं गाव'. बहुतेक कागदांवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाचं झाड. वडोदरा शहरात डोंगर कुठे आहेत हो? सूरसागर नाही, मांडवी नाही, न्यायमंदिर नाही. बरं, पणजोबांचं साताऱ्याकडचं किंवा कोकणातलं घर काढलंय म्हणावं, तर तेही नाही, कारण ते कसं होतं हे मुलांना कुणी सांगितलेलंच नाही. चूक मुलांची नाही. सेंनी आजोबांची बोट रंगवली, कारण ती गोष्ट त्यांच्या घरात जिवंत होती.

ज्येष्ठांनो, आपली माणसं इथे कधी आली, कुठल्या वाड्यात उतरली, सोबत काय आणलं, हे नातवंडांना या आठ दिवसांत सांगा. माहीत असलेली माणसं कमी होत चालली आहेत. कार्यकारिणीला विनंती, पुढच्या वर्षी विषय 'आम्ही इथे कसे आलो' असा ठेवा. आणि कागद ए-फोरचा नको, मोठा द्या.