नाण्यावरील चाराचा आकडा



मराठीच्या प्राध्यापकाने अमेरिकेच्या जुन्या सुवर्णनाण्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याचे आयुष्य हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत गेले, त्याला हा विषय परका नाही.

बाजारात फिरणारे नाणे वेगळे आणि ‘प्रूफ’ नाणे वेगळे. प्रूफसाठी ठसा आणि सोन्याची चकती ही दोन्ही आधी आरशासारखी उजळून घेत, मग विशेष काळजीने छाप उमटवीत. हौशी संग्राहक अशी नाणी पुसून पुसून त्यांवर ओरखडे काढतात. पोथीतील अक्षरे ‘सुधारणारे’ लेखनिक आम्हालाही भेटलेच आहेत!

१८३४ साली, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत, सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना नजर करण्यासाठी नाण्यांचे संच करविण्यात आले. चांदीचा डॉलर आणि दहा डॉलरचे सुवर्ण ‘ईगल’ पाडणे तेव्हा तीस वर्षे बंद होते. टांकसाळीच्या वह्यांत दोहोंची अखेरची नोंद १८०४ची. म्हणून नव्या नाण्यांवर तेच साल कोरले गेले. वही खोटी नव्हती. पण १८०४मध्ये पाडलेल्या डॉलरांवर साल आधीचेच होते. त्यामुळे १८०४ सालाचा डॉलर प्रथम जन्मला तो तीस वर्षांनी. ईगलची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मूळच्या ईगलवरील इंग्रजी चाराच्या आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी रेघ आहे. १८३४च्या ठशावरील चार साधा आहे. एवढ्या रेघेवरून दोन्ही वेगळी ओळखता येतात.

ही भेट घेऊन एडमंड रॉबर्ट्स ‘पीकॉक’ जहाजातून निघाले. १८३५मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ जहाज खडकावर रुतले आणि पुढे दुरुस्तीसाठी आपल्या मुंबईस थांबले. १८३६च्या एप्रिलमध्ये सयामला संच पोहोचला. जूनमध्ये मकाव येथे रॉबर्ट्स निवर्तले. तो संच १९६२ साली पिवळ्या चामड्याच्या पेटीत उजेडात आला, आणि १८०४च्या डॉलरच्या जन्माविषयीचा जुना वाद निकालात निघाला.

मग हे ईगल बनावट म्हणावे काय? माझ्या मते नाही. टांकसाळ तीच, आज्ञा सरकारची, सोने खरे. चुकीचा आहे तो केवळ कालनिर्देश. संग्राहकाने आपल्या सूचीत दोन्ही साले लिहावीत: अंकित १८०४, घडण १८३४.