चेफालूचा डोंगर आणि आम्ही दोघे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी फलकावर ‘आमचा युरोप प्रवास’ असा विषय लिहिला आहे. पण युरोप काही आम्ही पाहिलेला नाही. आयफेल टॉवर नाही, स्वित्झर्लंडचा बर्फ नाही, रोमसुद्धा फक्त विमानतळापुरतं. आम्ही एका लहानशा गावात सहा दिवस राहिलो आणि परत आलो. त्या गावाचं नाव चेफालू. इटलीच्या नकाशातला बूट आठवा. त्याच्या टोकाशी सिसिली बेट आहे. त्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मो शहरापासून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर हे गाव आहे. वस्ती चौदा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या बडोद्याच्या एखाद्या वॉर्डाएवढीही नाही.

एवढ्या लांब जाऊन एकच गाव का, हे आमच्या घरच्यांनीही विचारलं. त्याचं कारण इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण त्या रात्री दवाखान्यात तुमच्यातलेच चारजण बाकावर बसून होते. त्याला आता तीन वर्षं होतील. आमच्यापैकी एकाला हृदयविकाराचा झटका आला, दोन स्टेंट बसले. पण घाबरलो आम्ही दोघेही. त्यानंतर घरात जिना चढताना मागून हाक यायची, ‘हळू हो!’ पावागढला रोपवे, देवळात बाहेरूनच नमस्कार, गरब्याला खुर्ची. डॉक्टरांनी वर्षभरातच चालायला, चढायला परवानगी दिली होती. ट्रेडमिलवरची तपासणीही चांगली आली होती. पण कागदावर परवानगी मिळाली म्हणून पाय थोडेच उचलतात? धावपळीची सहल नको आणि घरात बसणंही नको, म्हणून एक गाव निवडलं. सरकारी नोकरी, त्यामुळे परदेशी जायचं ना-हरकत प्रमाणपत्र, साठवलेली रजा, व्हिसाचे कागद, यात चार महिने गेले. ते सोडून देतो, त्याचं वेगळं व्याख्यान होईल.

गेल्या वर्षी मे महिन्यात पोचलो. स्टेशनातून बाहेर पडलं की पहिला दिसतो तो डोंगर. तिथले लोक त्याला ‘ला रोक्का’ म्हणतात, म्हणजे नुसता ‘खडक’. समुद्रालगत एकदम उभा, 270 मीटर उंच, आणि त्याच्या पायाशी सगळं जुनं गाव. गावाचं नावही त्याच्यावरूनच पडलं. ग्रीक भाषेत डोक्याला जो शब्द आहे तो त्यात आहे. आम्ही खोली घेतली होती ती जुन्या गावातल्या गल्लीत. समोरच्या घराच्या गॅलरीतले कपडे हात लांब केला तर आपल्या दोरीवर येतील, एवढी गल्ली अरुंद. खोलीत एक शेगडी होती, बरोबर भाजणी आणि मेतकूट होतं, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. तरी बाहेरही खाल्लं. तिथे ‘पानेल्ले’ मिळतात. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, वड्या कापून तळायच्या. पाटवडीच की! फक्त फोडणी नाही आणि ती पावात घालून देतात. अरबांनी त्या बेटावर तांदूळ, ऊस, लिंबू नेलं. लिंबाचा बर्फगोळा, ज्याला ते ग्रानिता म्हणतात, तो लोक सकाळी न्याहारीला पावाबरोबर खातात. हे मात्र आम्हाला जमलं नाही.

गावातलं मोठं चर्च रोजर दुसरा या नॉर्मन राजानं 1131 मध्ये बांधायला घेतलं. वादळात सापडलेल्या राजानं नवस बोलला आणि जिथे सुखरूप किनाऱ्याला लागला तिथे मंदिर उभारलं, अशी दंतकथा सांगतात. आत डोळे वर केले की सोनेरी मोझेकमधला भव्य येशू. हे काम 1148 चं, बायझंटाईन कारागिरांच्या हातचं. त्याच्या हातात उघडं पुस्तक आहे. एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन. तिथे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. राजा उत्तरेकडून आलेला, कारागीर पूर्वेकडचे, आणि गावात अरबी बोलणारेही. आपल्याला हे नवं नाही. लक्ष्मी विलासच्या दरबार हॉलची मोझेकची फरशी करायला व्हेनिसचे कारागीर आले होते, आणि आपले पणजोबा कुठून आले हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पाणीपुरवठ्याच्या कामात वीस वर्षं गेली, म्हणून एका जागेबद्दल जरा जास्त बोलतो. मुख्य रस्त्यावरून काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली उतरतात आणि कमानीखाली सार्वजनिक धोबीघाट लागतो. तो मध्ययुगीन आहे. डोंगराखालून येणाऱ्या झऱ्याचं पाणी भिंतीतल्या बावीस तोट्यांतून पडतं, त्यातल्या बऱ्याच सिंहाच्या तोंडाच्या आहेत. पाणी एका हौदातून दुसऱ्यात जातं आणि शेवटी समुद्राला मिळतं. हौदांच्या कडेचे दगड कपडे घासायला उतरते केलेले आहेत. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, फक्त उतार. बायका इथे पिढ्यान्‌पिढ्या कपडे धूत. आम्ही हात घातला तर पाणी बर्फासारखं. उतार किती असेल, हे पावलांनी मोजायला लागलो तेव्हा शेजारून आवाज आला, ‘रजेवर आहात ना?’

आता डोंगराकडे येऊ. चार दिवस आम्ही त्याच्याकडे खालूनच पाहिलं. रोज सकाळी ‘आज ऊन आहे’, ‘आज वारा आहे’. पाचव्या दिवशी सबबी संपल्या. फाटक उघडताच तिकीट काढून आत शिरलो. पाऊस असला की तो रस्ता बंद ठेवतात, कारण शेकडो वर्षांच्या वावरानं दगड गुळगुळीत झाले आहेत. चांगले बूट हवेत. चपला घालून आलेल्या दोघांना आम्ही घसरताना पाहिलं. डॉक्टरांचा नियम असा होता की चढताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचं. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर एवढं बोलणार काय? म्हणून पाढे म्हणायला घेतले. एकोणतीसच्या पाढ्याला एक परदेशी जोडपं आदरानं बाजूला सरकलं. बहुतेक त्यांना मंत्र वाटला असावा.

पहिल्या तटबंदीतून आत गेलं की जरा सपाटी येते आणि मग एक दगडी इमारत. तिला डायनाचं मंदिर म्हणतात, पण तिच्या आत आहे पाण्याचं टाकं. मोठमोठ्या शिळांनी झाकलेलं ते टाकं इसवी सनापूर्वी नवव्या शतकातलं मानतात. इमारत त्याभोवती नंतर उभी राहिली. शत्रूची भीती वाढली तेव्हा लोक गाव सोडून याच डोंगरावर राहायला आले होते, ते रोजर राजाच्या काळात पुन्हा खाली किनाऱ्याला वसले. पाण्याशिवाय वर कोण राहील?

तिथेच डावा खांदा दुखायला लागला.

मंडळी, ज्यांनी ते एकदा अनुभवलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आम्ही शिळेवर बसलो. जिभेखालची गोळी हातात काढून ठेवली. मदतीचा 112 नंबर आणि इटालियनमधली दोन वाक्यं एका कागदावर लिहून नेली होती, तो कागद उलगडला. कोणी काही बोललं नाही. खाली लाल कौलं, चर्चचे दोन मनोरे, पलीकडे निळं पाणी, आणि आमचं लक्ष कशातच नव्हतं. घाम नाही, छातीत दाब नाही, श्वास ठीक. दहा मिनिटं गेली. मग बाई म्हणाल्या, ‘अहो, ती पिशवी जरा काढा बघू.’ पाण्याच्या दोन बाटल्या, कॅमेरा, छत्री आणि भाजणीची थालिपीठं, सगळं डाव्या खांद्यावर. पट्ट्याचा लाल वळ उठला होता. खांदा फिरवला की दुखायचं, नाहीतर नाही. आणखी वीस मिनिटं बसलो, दुखणं ओसरलं.

खाली उतरायचं की वर जायचं? उतरलो असतो तर कोणी नावं ठेवली नसती. पिशवी दुसऱ्या खांद्यावर गेली, म्हणजे बाईंच्या, आणि आम्ही वर निघालो. शहाणपणा केला की चूक, यावर घरात अजून एकमत नाही. डॉक्टर परत आल्यावर रागावले, ते बरोबरच होतं. त्या वेळी सरळ फोन करायचा असतो, थांबून बघायचं नसतं. त्यामुळे आमचं ऐकून तसं कोणी करू नये.

माथ्यावर किल्ल्याच्या पडक्या भिंती आहेत, बाकी काही नाही. हवा स्वच्छ असली की तिथून ईशान्येला एओलियन बेटं दिसतात. त्या दिवशी धुकं होतं. थालिपीठं खाल्ली आणि उतरलो.

शेवटच्या दिवशी बसनं कास्तेलबुओनोला गेलो. ते मादोनिए डोंगरांतलं गाव. तिथे 1316 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे, आणि त्या भागात उन्हाळ्यात ॲश नावाच्या झाडाच्या सालीला चिरा देऊन पाझरणारा गोड रस वाळवतात. त्याला ‘मान्ना’ म्हणतात, आणि तो सारक असतो. गावात कचरा उचलायला गाढवं ठेवली आहेत असं वाचलं होतं, पण आम्हाला एकही दिसलं नाही. कोणाला डोंगरात चालायची हौस असेल तर तिथे दोन दिवस ठेवा. आम्ही अर्धाच ठेवला, ते चुकलं.

संध्याकाळी समुद्रात उतरलो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आपल्या खंभातच्या आखातात ओहोटीला पाणी कुठल्या कुठे जातं. इथे ते सकाळी होतं तिथेच संध्याकाळी. म्हणून घरंही अगदी पाण्यात पाय सोडून बांधलेली. पाणी गार होतं. गुडघ्यापर्यंत जायचं ठरलं होतं, कमरेपर्यंत गेलो, आणि ‘हळू हो’ असं या वेळी कोणीच म्हणालं नाही.

तर मंडळी, दिवाळीनंतर थंडी पडली की आम्ही पावागढला जाणार आहोत, माचीपासून पायऱ्यांनी. ज्यांना यायचं असेल त्यांनी कार्यवाहांकडे नाव द्यावं. डॉक्टरांना विचारून यावं. निघायचं पहाटे पाचला, आणि पिशवी दोन्ही खांद्यांवर अडकवायची आणावी.