वजन उचलताना येणारी भोवळ

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संपादित करून)



विषय डॉक्टरी असला तरी सुरुवात मराठीपासून करतो. आपल्या भाषेत चक्कर येण्याला किती शब्द आहेत बघा. डोकं गरगरतं, घेरी येते, भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, काजवे चमकतात, तोल जातो, आणि यातलं काहीच नेमकं सांगता आलं नाही तर 'कसंतरीच होतं'. सिंगापूरला आल्यावर ही सगळी श्रीमंती आपण एका शब्दात गुंडाळतो : 'गिडी'! क्लिनिकमध्ये जाऊन "डॉक्टर, आय फील गिडी" म्हटलं की डॉक्टरला पुढचे चार प्रश्न विचारावेच लागतात. खोली फिरल्यासारखी वाटते, की आपण बुडतोय असं वाटतं? दिसायचं कमी होतं का? बसल्यावर बरं वाटतं का? मराठी माणसाने नुसतं "अंधारी आली" किंवा "गरगरलं" एवढं सांगितलं असतं तर अर्धं निदान तिथेच झालं असतं. गरगरणं हा बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेचा मामला असतो. अंधारी येणं म्हणजे मेंदूला काही क्षण रक्त कमी पडणं. आज मी मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलणार आहे, आणि तेही वजनं उचलताना येणाऱ्या अंधारीबद्दल.

हाच विषय का? कारण गेल्या काही वर्षांत आपली मंडळी वजनाकडे वळली आहेत, आणि ते फार चांगलं झालं. कुणाची साखर वाढली म्हणून, कुणाची हाडं ठिसूळ व्हायला लागली म्हणून, कुणाचा मुलगा एनएसला जायचाय म्हणून. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या शिफारशींत सांगितलं आहे. पण पन्नाशीत काँडोच्या जिममध्ये पहिल्यांदा बार हातात घेतलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे काळोख आला, की दोन गोष्टींपैकी एक होते. एक तर घरचे म्हणतात, "पुरे झालं हे, उद्यापासून चालायला जा," आणि तो बिचारा कायमचा जिम सोडतो. नाहीतर तो कुणाला सांगतच नाही. या दोन्हींमध्ये नुकसान आहे. पहिल्यात हळूहळू, दुसऱ्यात कधी कधी एकदम.

ही भोवळ फक्त नवशिक्यांना येते असं समजू नका. सिंगापूरचंच उदाहरण देतो. टॅन हाऊ लियांग. चीनमधल्या स्वाटाव इथे १९३३ साली जन्मले, लहानपणीच इथे आले, आणि गे वर्ल्डमध्ये वजन उचलण्याची स्पर्धा पाहून या खेळाच्या नादी लागले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये लाइटवेट गटात त्यांनी एकूण ३८० किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. गंमत म्हणजे इराकच्या अब्दुल वाहिद अझीझनेही ३८० किलोच उचलले होते, पण टॅन यांचं स्वतःचं वजन कमी भरलं म्हणून रौप्य त्यांना मिळालं. सिंगापूरचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला २००८ साल उजाडावं लागलं! तर या माणसाला त्याआधी चार वर्षं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, क्लीन अँड जर्कच्या प्रयत्नात भोवळ आली होती. तिथे ते नववे आले. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, ९१ वर्षांचे होऊन.

क्लीन अँड जर्क म्हणजे बार जमिनीवरून उचलून आधी खांद्यांवर घ्यायचा, उकिडव्या बैठकीतून उठायचं, आणि मग तो डोक्यावर न्यायचा. भोवळ येण्यासाठी याच्याइतकी सोयीची उचल नाही. बार गळ्याशी टेकलेला. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि तिथेच रक्तदाब मोजणारे शरीराचे 'पहारेकरी' असतात. त्यांच्यावर दाब आला तर त्यांना वाटतं की रक्तदाब वाढलाय, आणि ते हृदयाला सांगतात, सावकाश! शिवाय श्वास रोखलेला, आणि माणूस बसलेला उठतोय. सगळे योग एकाच क्षणी जुळून आलेले.

यातला श्वासाचा भाग नीट समजून घेऊ, कारण तुमच्या-माझ्या जिममधली बहुतेक भोवळ तिथूनच येते. जड वस्तू उचलताना आपण नकळत घसा बंद करून जोर लावतो. कुंथतो, असंच म्हणा ना, लाजायचं काय त्यात! याला वैद्यकात वाल्साल्वाचं नाव आहे. अंतोनियो वाल्साल्वा हा इटलीतला शरीरशास्त्रज्ञ. १७०४ साली त्याने कानावर ग्रंथ लिहिला, त्यात नाक-तोंड बंद करून जोर लावायची ही युक्ती आहे. विमान उतरताना कान मोकळे करायला आपण जे करतो तेच. असा जोर लावला की छातीच्या पोकळीतला दाब वाढतो. कणा ताठ राहायला त्याची मदत होते, म्हणून शरीर ते आपणहून करतं. पण त्याच वेळी शरीराकडून हृदयाकडे परत येणाऱ्या नीला त्या दाबाखाली चेपल्या जातात. बागेला पाणी घालायची रबरी नळी पायाखाली दाबल्यासारखं. हृदयात रक्त कमी आलं तर ते पुढे कमीच ढकलणार.

मग तेव्हाच चक्कर का येत नाही? कारण त्या क्षणी आवळलेले स्नायू रक्तवाहिन्यांना दाबून रक्तदाब चढा ठेवतात. किती चढा? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून तो मोजला होता. दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला, आणि एकाचा ४८०/३५० च्याही वर! (घरी मशीनवर १५० दिसलं की आपण घाबरतो.) मग माणूस वजन खाली ठेवतो, हुश्श करून श्वास सोडतो, आणि एकदम छातीतला दाब जातो, स्नायू सैल पडतात, पायांतल्या वाहिन्या सताड उघडतात आणि रक्त तिकडे धावतं. रक्तदाब धाडकन खाली. नळीवरून पाय काढल्यावरसुद्धा पाणी टोकाला पोचायला क्षणभर लागतोच. मेंदू हृदयाच्या फूटभर वर बसलेला, वजनाने शरीराच्या दोन टक्के, आणि प्राणवायू मात्र वीस टक्के वापरणारा चैनी प्राणी. त्याचा पुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाते. म्हणून बहुतेकांना भोवळ येते ती वजन उचलताना नव्हे, ठेवल्यावर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागच्या रांगेतल्या तरुण मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. उचलण्याआधी आरशासमोर उभं राहून फूफू असे दहा-बारा जोरजोरात श्वास घ्यायची जी पद्धत आहे ना, ती सोडा. त्याने प्राणवायू काही वाढत नाही, तो आधीच भरलेला असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणजे ज्या मेंदूला आता रक्त कमी पडणार आहे, त्याचा नळ आपणच आधी आवळून ठेवायचा. १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये वजन उचलणाऱ्यांच्या भोवळीवर एक लेख आला होता. त्यात हेच तीन दोषी सापडले : आधीचे जोरदार श्वास, उकिडवी बैठक आणि रोखलेला श्वास.

मग करायचं काय? उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. लक्षात राहत नाही? मग मोठ्याने मोजा. तालमीत जोर-बैठका मोठ्याने मोजायची पद्धत होती, तिचा हा फायदा मोठाच होता. तोंडाने "सात, आठ, नऊ" म्हणणाऱ्याला श्वास रोखताच येत नाही. आकडा तोंडातून फुटेनासा झाला, तर ते वजन आज तुमच्यासाठी जास्त आहे. खरोखरच जड उचलणाऱ्यांना थोडा श्वास रोखावाच लागतो, मान्य आहे. पण तो क्षणभर, आणि सोडताना ओठांचा चंबू करून हळूहळू. सेट संपल्यावर पुतळ्यासारखं उभं राहू नका. चाला. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलणारा पंप आहेत. बेंचवरून उठताना आधी कुशीवर वळा, बसा, दोन श्वास घ्या, मग उभे राहा. आडवं असताना उठलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. तरीही अंधारी आलीच तर हिरोगिरी न करता वजन खाली ठेवायचं आणि जमिनीवर आडवं होऊन पाय बेंचवर टाकायचे. लोक बघतील. बघू देत.

आता इथल्या हवेबद्दल. एसी नसलेल्या जिममध्ये किंवा ब्लॉकखालच्या फिटनेस कॉर्नरवर घाम गळतो, आणि अंग थंड ठेवायला कातडीखालच्या वाहिन्या आधीच मोकळ्या झालेल्या असतात. त्यात दुपारी मीटिंगमुळे जेवण राहिलेलं. त्यात संकष्टी! उपास करू नका असं मी म्हणणार नाही, माझ्या घरीच मला कोणी बसू देणार नाही. पण त्या दिवशी वजनांनाही उपास घडवा.

औषधांकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. प्रोस्टेटसाठी दिलेली टॅमसुलोसिनसारखी गोळी उठताना रक्तदाब पाडू शकते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या पाणी कमी करतात. मधुमेहासाठी ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने खाली जाऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, कडकडून भूक आणि मग चक्कर, असा क्रम असेल तर आधी साखर मोजा. इथल्या मशीनवर ४ च्या खाली आकडा म्हणजे भारतातल्या हिशोबाने साधारण ७० च्या खाली. लगेच काहीतरी गोड, आणि व्यायाम बंद. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील, तर श्वास रोखून जड उचलणं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. आणि वहिनी-मावशींनो, पाळीत रक्त जास्त जात असेल, जेवण शाकाहारी असेल आणि जिना चढतानाही दम लागत असेल, तर जिमला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

गरगरण्याला मी सुरुवातीला बाजूला ठेवलं होतं, त्याचं एका वाक्यात सांगतो. बेंचवर पाठ टेकताक्षणी किंवा कूस बदलताच खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तर बहुतेक वेळा कानातले बारीक कण जागेवरून सरकलेले असतात. डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते परत जागी आणू शकतात.

आणि आता तो फरक. वजन ठेवल्यावर येणारी अंधारी बहुतेक वेळा श्वासाची असते. पण जोर लावत असताना, ऐन मध्येच शुद्ध गेली, किंवा चक्करेबरोबर छातीत दाब आला, धडधडलं, तर तो हृदयाचा प्रश्न आहे असं धरूनच चालायचं. अरुंद झालेली झडप, जाड झालेला हृदयाचा स्नायू, किंवा हृदयाच्या धमन्यांतले अडथळे. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, 'कशाला उगाच' म्हणू नका. बावन्न देशांतल्या मोठ्या पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र तो जवळजवळ ५९ व्या वर्षी. म्हणजे आपण सहा वर्षं आधीच रांगेत. उचलताना आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात उठली, किंवा बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तर तेही थांबण्यासारखं नाही. ९९५ ला फोन. टॅक्सी शोधू नका, आणि "आधी घरी जाऊन बघू"ही नको. जिममध्ये कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नसलं आणि श्वास नीट घेत नसलं, तर एकाने फोन करायचा, दुसऱ्याने छाती दाबायला सुरुवात करायची, तिसऱ्याने एईडी आणायला पळायचं. अनेक एचडीबी ब्लॉकच्या लिफ्टपाशी ती पेटी असते. आज घरी जाताना तुमच्या ब्लॉकखाली किंवा काँडोच्या गार्डरूममध्ये ती कुठे आहे ते बघून ठेवा.

माझी वेळ संपली असं संयोजक खुणावतायत. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. त्याआधी सगळ्यांनी उभं राहा, खुर्च्या जरा मागे सरकवा. दहा बैठका काढू या, मोठ्याने मोजत. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवर बसून-उठून केल्या तरी चालेल. चला, एक...