वाट पाहण्याची विद्या

प्रश्न विचारला कीं उत्तर हवें, बीं पेरलें कीं फळ हवें, असा हा उतावळा काळ आहे. अशा काळांत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचें एक उदाहरण मननीय ठरतें. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कार्यास तेथें १९१९ सालीं आरंभ झाला. सर रामकृष्ण भांडारकरांनीं ऐंशी ओलांडली होती. तरी आरंभ त्यांच्याच हस्तें झाला. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. काश्मीरच्या शारदेपासून केरळच्या मलयाळम् लिपीपर्यंतच्या पोथ्या पुढें ठेवून श्लोकाश्लोकाचे पाठ ताडून पाहावयाचे! एकट्या आदिपर्वाच्या पूर्ततेस १९३३ साल उजाडलें. १९४३ सालीं सुखठणकर निवर्तले. कार्य १९६६ सालीं सिद्धीस गेलें.

या ४७ वर्षांत कोणी हातावर हात ठेवून बसलें नव्हतें. आजचें पान आज निर्दोष करावें आणि शेवटचें पान दुसऱ्याच्या हातून पुरें होणार, हें आनंदानें मान्य करावें, हीच खरी वाट पाहण्याची विद्या. मुलांना ती द्यावयाची, तर 'धीर धर' एवढें सांगून भागत नाहीं. वडीलधाऱ्यांच्या हातीं दीर्घ पल्ल्याचें एखादें काम त्यांना नित्य दिसावें लागतें.