आंबोलीचे रान आणि वाडीची खेळणी

(गावच्या साक्षरता वर्गात एका शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या शाळेची पोरे गेल्या आठवड्यात आंबोली आणि सावंतवाडी पाहून आली. २२ मुलेमुली आणि आम्ही दोन शिक्षक, असे २४ जण होतो. तुमच्यापैकी कुणी तांदूळ दिले, कुणी शेंगा दिल्या, कुणी एसटीच्या भाड्याला हातभार लावला. तेव्हा आम्ही काय पाहिले याचा हिशेब देणे माझे काम आहे.

निघताना एकाने मला विचारले, "गुरुजी, रान बघायला एवढ्या लांब कशाला? आणि तेही भर पावसात?" प्रश्न रास्त आहे. रान काय, आपल्या शिवारापलीकडेही आहे. पण आंबोलीचे रान वेगळे आहे, आणि आपल्या गावाचे त्या रानाशी नाते आहे. ते नाते आधी सांगतो.

आपण हिरण्यकेशीच्या काठची माणसे. उसाला पाणी तिचे, गुरे धुवायची तिच्यात. ही नदी येते कुठून? आजऱ्याकडून, असे कुणीही सांगेल. पण आजऱ्याच्याही वर आंबोली आहे. तिथे डोंगराच्या पोटात गुहा आहे. त्या गुहेतून पाणी येते. पुढ्यात महादेवाचे देऊळ आहे, कुंड आहे. तीच आपली हिरण्यकेशी. तिथून निघून ती आजरा, गडहिंग्लज करीत घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. गंमत बघा, आंबोलीहून पश्चिमेचा समुद्र थोड्याच कोसांवर आहे. पण हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सारा देश ओलांडून पूर्वेला जाते. वाटेत आपल्याला पाजून जाते.

आता तिथल्या पावसाचे सांगतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथेच रिते होतात. आंबोलीला वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. हे माप डोळ्यांपुढे कसे आणायचे? आपण विहिरीची खोली पुरुषाने मोजतो. तिथला वर्षाचा पाऊस वाहून न जाता जागीच साठला, तर चार पुरुष पाणी उभे राहील! एवढ्या पावसामुळे तिथले रान बारा महिने हिरवे असते. अशा रानाला सदाहरित वन म्हणतात. जगात अशी राने उष्ण आणि ओल्या मुलखात आहेत. आपल्याकडे ती सह्याद्रीच्या माथ्यावर टिकून आहेत. सह्याद्रीचा हा डोंगर तापी नदीपासून थेट कन्याकुमारीजवळपर्यंत १६०० किलोमीटर पसरला आहे. त्याचे मोल ओळखून २०१२ साली त्यातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

आमच्याबरोबर आंबोलीचा एक तरुण वाटाड्या होता. शेतकऱ्याचाच मुलगा, पण रानाची खडान् खडा माहिती. तो पोरांना म्हणाला, "हे रान म्हणजे एक माडी आहे. प्रत्येक मजल्यावर निराळं बिऱ्हाड राहतं. वरून खाली बघत चला."

वरच्या मजल्यावर शेकरू दिसला. शेकरू म्हणजे मोठी खार. तांबूस अंग, झुबकेदार शेपूट. तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो या झाडावरून त्या झाडावर उडी मारतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणून फांदीला फांदी लागलेली असावी लागते. मधली चार झाडे तोडली की त्याची वाट मोडली.

मग एका जुन्या झाडाची ढोली दाखवली. ती धनेश पक्ष्याची. या पक्ष्याचा संसार ऐकण्यासारखा आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत जाऊन बसते. विष्ठेने आणि अन्नाच्या चोथ्याने ती दार लिंपून घेते आणि एक फट तेवढी ठेवते. नर दिवसभर फळे आणून त्या फटीतून तिला भरवतो. तिचे आणि पिलांचे पोट त्याच्या एकट्याच्या चोचीवर. तो मेला तर आतल्यांचे हाल. हे ऐकून आमच्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. हा पक्षी फळे खातो आणि बिया दूरवर टाकतो. म्हणजे रानाची पेरणीच करतो. पण त्याला ढोली लागते, आणि ढोली जुन्या झाडालाच असते. कोवळ्या रोपाला ढोली कुठली?

मधल्या मजल्यावर हिरवागार बेडूक होता. त्याच्या बोटांमध्ये तांबडे पडदे असतात. ते पसरून तो उंच फांदीवरून तरंगत खाली येतो. पाण्यावर झुकलेल्या पानावर तो फेसाचे घरटे करतो. अंडी त्या फेसात असतात. पिले तयार झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात. शेजारच्याच फांदीवर चापडा बसला होता. चापडा म्हणजे पानात पान मिसळावे असा हिरवा विषारी साप. तो तासन् तास हलत नाही. वाटाड्याने पोरांना चार हात लांब उभे केले. तो म्हणाला, "त्याला डिवचू नका, मारूही नका. आणि कधी कुठलाही साप चावलाच, तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. सरळ दवाखाना गाठा." हे आपणही ध्यानात ठेवावे.

रानाच्या बाहेर जांभ्या दगडाचा मोकळा माळ आहे. त्याला तिकडे सडा म्हणतात. झाड नाही, माती नाही, नुसता कातळ. कागदोपत्री अशी जागा पडीक. पण पहिला पाऊस पडला की कातळाच्या खळग्यांत पाणी साठते. ओंजळभर पाणी म्हणा ना. त्यात एक भेक अंडी घालतो. लहानशा लिंबाएवढा, अंगावर वाघासारखे पट्टे. डबके सुकायच्या आत पिलांना मोठे व्हावे लागते. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याची निराळी जात म्हणून नोंद केली. आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळजवळ सापडतच नाही. आज तो नाहीसा होण्याच्या काठावर आहे. पावसाच्या रात्री असे जीव रस्ता ओलांडतात आणि गाड्यांच्या चाकाखाली जातात.

आमच्या एका मुलाने विचारले, "पण हा कशाच्या कामाचा?"

वाटाड्या म्हणाला, "किडेमुंग्या खातो, हे त्याचं काम. आणि तुझ्या-माझ्या कामाचा नसला, तरी त्याला दुसरं घर नाही. आपल्याला आहे."

मुलगा गप्प झाला. मीही तो प्रश्न मनात घेऊन पुढे चाललो. पुढे सगळीकडे तोच प्रश्न भेटत गेला, म्हणून इथे सांगितला.

महादेवाच्या कुंडात बारीक मासे असतात. एक जात तर बोटाएवढीही नाही. लोक वर्षानुवर्षे देवाचे मासे म्हणून त्यांना सांभाळीत आले. २०२० साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की ही जात आजवर कुणी नोंदलेली नव्हती. तिला नाव दिले शिस्टुरा हिरण्यकेशी. आपल्या नदीचेच नाव! पुढच्याच वर्षी, २०२१ साली, सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणजे तिथले जीव आणि पाणी राखायचे. शास्त्रज्ञ येण्याआधी तो मासा कुणी राखला? भाविक माणसांनी. मासा कसल्या कामाचा, असे त्यांनी विचारले नाही.

आंबोलीहून घाट उतरलो आणि सावंतवाडीला आलो. तिकडची माणसे नुसती 'वाडी' म्हणतात. तिथे चितारआळी आहे. चितारी म्हणजे लाकडाची खेळणी करणारे आणि रंगवणारे कारागीर. दुकानात आंबे, केळी, फणस, वांगी, मिरच्या मांडलेल्या होत्या. सगळे लाकडी. हातात घेऊन वजन पाहावे तेव्हा खरे-खोटे कळते.

एक म्हातारे चितारी पटाशीने लाकूड कोरीत होते. पोरे भोवती बसली. त्यांनी सगळे दाखवले. लाकूड आधी चांगले सुकवायचे. मग कोरायचे, कानशीने घासायचे, भेगा बुजवायच्या आणि रंग द्यायचा. पूर्वी लाखेचे रंग असत. लाख हीसुद्धा रानाचीच देणगी, झाडावरच्या किड्यांनी केलेली. आता बाजारचे रंगही वापरतात.

एका मुलीने विचारले, "आजोबा, हे लाकूड कशाचं?"

"पांगाऱ्याचं," ते म्हणाले. "हलकं, मऊ, कोरायला लोण्यासारखं. पण आता पांगारो गावना नाय." म्हणजे पांगारा मिळत नाही. "आंब्याचं लाकूड वापरतो, पण ते जड."

मी विचारले, "मिळत का नाही?"

ते म्हणाले, "गुरुजी, काजूच्या नि रबराच्या बागा झाल्या. जागा साफ करताना पांगारा आधी जातो. त्याला फळ नाही, इमारतीला तो चालत नाही. लोक म्हणतात, बिनकामाचं झाड. ते तरी काय करतील? काजू पैसा देतो. त्यांनाही पोरंबाळं आहेत."

कुणाला दोष न देता ते बोलत होते. त्यांचा मुलगा गोव्याला हॉटेलात नोकरीला आहे. "माझ्यामागं ही पटाशी कोण धरणार, ठाऊक नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा कोरायला लागले.

मग राजवाड्यात गंजिफा पाहिली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची १२ पाने, मिळून १२० पाने. पहिला अवतार मत्स्य. त्याच्या पानांवर मासे रंगवलेले असतात. आमची एक मुलगी ओरडली, "गुरुजी, कुंडातले मासे!" पोरीने बरोबर जोड लावली. माणूस जे रोज पाहतो, तेच त्याच्या कलेत उतरते.

ही पाने ताठ करायला काय वापरतात, ठाऊक आहे? चिंचोक्याची खळ! आपण चिंच फोडून चिंचोके उकिरड्यावर टाकतो. आपल्याकडचे सनगर मात्र घोंगडीला तीच खळ लावतात. म्हणजे चिंचोकाही बिनकामाचा नाही.

गंजिफा विसाव्या शतकाच्या मध्याला बुडायच्या बेतात होती. जाणते कारागीर मोजकेच आणि म्हातारे उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या राजा-राणीने कला शिकून घेतली आणि दुसऱ्यांना शिकवायची सोय केली. म्हणून ती आजही राजवाड्यात चालू आहे. शिकवणारा हात आणि शिकणारा हात यांची गाठ वेळेवर पडली. चार-दहा वर्षे उशीर झाला असता, तर नुसती जुनी पाने पेटीत राहिली असती.

मंडळी, आता थोडा विचार करू. सड्यावरचा भेक, कुंडातला मासा, बांधावरचा पांगारा, उकिरड्यावरचा चिंचोका. या चौघांनाही आपण बिनकामाचे म्हणतो. का? तर आपल्याला त्यांचे काम ठाऊक नसते. जुने झाड गेले की धनेशाची ढोली गेली. पांगारा गेला की चिताऱ्याची पटाशी थांबली. आंबोलीच्या रानातला पाचोळा आणि मुळे पावसाचे पाणी धरतात आणि सावकाश खाली सोडतात. ते रान उघडे पडले, तर पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडे पात्र, हे आपल्या दारी येईल. ते रान आपण कधी पाहिलेही नसेल, तरी त्याचे पाणी आपण पितो.

मी काजू लावू नका, झाड तोडूच नका, असे सांगत नाही. शेतकऱ्याला पोट आहे. मी एवढेच म्हणतो की, तोडण्याआधी दोघाचौघांना विचारावे, हे कुणाच्या कामाचे आहे का?

पांगाऱ्याचेच घ्या. तो कुंपणाला चालतो. त्याचा पाला शेळ्या खातात. शिमग्याच्या सुमाराला त्याला तांबडी फुले येतात आणि पाखरे मधासाठी गर्दी करतात. वाढवायलाही सोपा. मनगटाएवढी जाड आणि कमरेएवढी लांब फांदी घ्यावी, पावसाळ्यात दीड वीत जमिनीत रोवावी. ती फुटते. पहिली दोन वर्षे गुरांपासून राखली की पुरे.

येत्या रविवारी पोरे शाळेच्या कुंपणाला दहा फांद्या रोवणार आहेत. त्या लाकडाजोग्या व्हायला बरीच वर्षे लागतील. तोवर चितारआळी नांदती राहील की नाही, हे आपल्या हातात नाही. पण लाकूड मिळाले नाही म्हणून ती बंद पडली, असे तरी होऊ नये.

फांद्या मात्र तुमच्याच बांधावरून यायला हव्यात. हा फळा, हा खडू. ज्याच्या बांधावर पांगारा असेल, त्याने पुढे यावे आणि आपले नाव आपल्या हाताने लिहावे. बायांनीही लिहावे. आता लिहिता येते ना?